वाळ्याची लहान बाटली

ज्याला सकाळी लोळायला मिळतं त्यानं खुशाल अत्तरं निवडत बसावं. डिंपलला ते कुठून जमणार? पैशाची गोष्ट नंतरची, आधी वेळ तर पाहिजे ना बाई! पहाटे उठायचं, अंघोळ करायची, मग चूल. अंघोळीशिवाय चुलीला हात नाही, हा सासूबाईंचा नेम. सासूबाई गेल्या, नेम राहिला. भाकरी, भाजी, सासऱ्यांचा चहा, नवऱ्याचा डबा, अन् सगळ्यात शेवटी गोठा. शेण ओढून, चंद्रीची धार काढून, दूध डेअरीच्या गाडीत चढवलं की लुगडं खुंटीला, चपला पायात, अन् धाड गावच्या स्टँडकडे धूम. बुलढाण्याची बस कोणाच्या दुसऱ्या अंघोळीसाठी थांबत नाही.

म्हणजे झालं काय, तर बाई पहाटे न्हाऊन-धुऊन लख्ख व्हायची अन् घराबाहेर पडताना म्हशीच्या वासानं भरलेली असायची.

आता ते लुगड्याचं सांगायला पाहिजे. सत्यभामाबाई, म्हणजे डिंपलच्या सासूबाई, दिवाळी झाली अन् गेल्या. चंद्री त्यांची म्हैस, कपाळावर पांढरा चांद असलेली. दुसऱ्या कोणाचा हात तिच्या कासेला कधी लागलेला नव्हता. घरात माणूस गेल्याचं दुःख एकीकडे, अन् गोठ्यात ही बया दुधानं ठणकत उभी, कोणाला जवळ येऊ देईना. डिंपलचा नवरा अविनाश धार काढायला गेला, तर त्याला असा झाडला की तो थेट गव्हाणीत. शेवटी शेजारच्या अन्नपूर्णाकाकू म्हणाल्या, "म्हशीले माणूस वासावून समजते वं. सासूचं लुगडं गुंडाळ अंगाले, मंग बस." यात नवल काही नाही. बायको माहेरी गेली की आपल्याकडचे मिशीवाले गडीसुद्धा तिचं लुगडं पांघरून धारेला बसतात, अन् कोणी हसत नाही. डिंपलनं सासूबाईंचं जुनं हिरव्या काठाचं लुगडं ड्रेसवरून गुंडाळलं, अन् चंद्री पान्हावली.

तेव्हापासून ते लुगडं गोठ्यातल्या खुंटीवर. धुवायचं नाही. सासरे नारायणराव यांनी निक्षून सांगितलं होतं, "त्याले पाणी लागलं का म्हैस गेली समजा." म्हातारे स्वतः रोज गोठ्यात येऊन त्या खुंटीखाली बसायचे. हिवाळा होता तोवर ठीक. पण चैत्र लागला, पत्रे तापायला लागले, अन् शेण, दूध, घाम, कडबा असं सगळं प्यालेलं ते लुगडं अर्धा तास अंगावर घेतलं की त्याचा वास दिवसभर उतरेना. घरात बाकी कशाकडे लक्ष द्यायला उसंत कुठं होती! पाण्याचा माठसुद्धा यंदा नुसताच भरला जात होता. सासूबाई त्याची किती उस्तवार करायच्या!

बुलढाण्यात शेखरभाऊंचं चष्म्याचं दुकान आहे, तिथं डिंपल काउंटरला. काम तिला मनापासून आवडायचं. गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम टेकवायची, कानामागं काडी बसवायची, दोन पावलं मागं होऊन बघायचं, अन् सांगायचं, "ही नको, ह्यात तुम्ही दमलेल्या दिसता. ही बघा." मग माणूस आरशात बघून हसायचं. दिवसभराच्या रामरगाड्यात तेवढंच एक काम असं होतं की ज्याच्या शेवटी समोरचं माणूस हसतं. भाकरी थापून झाल्यावर कोण हसतंय?

पण फ्रेम बसवायची तर वाकावं लागतं, जवळ जावं लागतं. अन् एक दिवस एका शाळेच्या बाईंच्या कानामागं काडी बसवताना त्यांनी हळूच पदर नाकाला लावला. डिंपलनं ते पाहिलं. शेखरभाऊंनीही पाहिलं. बाई गेल्यावर ते काच पुसत राहिले, वर न बघता म्हणाले, "डिंपलताई, उन्हाळा आहे. काहीतरी लावत जा अंगाला. गिऱ्हाईक आपल्या एकदम जवळ येतं."

"हो भाऊ."

"नाहीतर असं करू, तुम्ही आत काचांच्या स्टॉकला बसा. समोर दुसरी पोरगी घेतो. पगार तोच."

पगार तोच! जसा काही पगाराचाच सवाल होता. आतली खोली म्हणजे खोकी, ट्यूबलाइट अन् भिंत. डिंपल त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली अन् धाड येईपर्यंत तिनं शेजारच्या बाईकडे पाहिलंच नाही. लाज वाटत होती तिला, दुसरं काय.

मग सुरू झाली सेंटाची शोधाशोध. पहिल्यांदा तिनं स्टँडसमोरच्या जनरल स्टोअरमधून फुसकारा मारायची बाटली घेतली. दुकानदार म्हणाला, लिंबाचा वास आहे, एकदम ताजा. मारला फुसकारा. वाटेतलं पाडळी गाव मागं पडेपर्यंत घाम सुटला, लिंबू अन् म्हैस एकत्र झाले, अन् कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "कोणाचं फिनाईल सांडलं काय बे मागं?" सगळी बस मागं वळून बघायला लागली. डिंपलही वळून बघायला लागली, करते काय बिचारी.

दुसऱ्यांदा मैत्रिणीकडून मोगऱ्याचं अत्तर आणलं. मोगरा चांगलाच, पण देवघरात अन् वेणीत. भर उन्हात तो अंगावर चढला की डोकं धरतं. दुपारपर्यंत तिचं स्वतःचं कपाळ ठणकायला लागलं, अन् एक आजोबा नवी फ्रेम नाकावर असतानाच असे शिंकले की फ्रेम काउंटरच्या पलीकडे. शेखरभाऊंनी आतल्या खोलीचा दिवा उगाच लावून बघितला.

दुकानाची सुट्टी अन् धाडचा बाजार एकाच दिवशी येतो. त्या दिवशी डिंपल पिशवी घेऊन निघाली ती आधी गुलाबरावाच्या पालाशी. गुलाबराव कुंकू, कापूर, उदबत्ती अन् लाकडी पेटीत अत्तराच्या बाटल्या घेऊन बसतो. नाकात तपकिरीची चिमूट कायमची. त्याला स्वतःला गुलाब अन् रॉकेल यातला फरक कळत असेल की नाही, देव जाणे. पण बोलायला खमक्या.

"ताई, हा घ्या, राजेशाही. हा लावला त चार कोस वास जाते."

"मले चार कोस नाही पाठवायचा. जवळच्या माणसाले तरास झाला नाही पाह्यजे, बस. रोज लावायचा हाय, उन्हात, बसमधी. अन् महाग नको."

गुलाबरावानं एकामागून एक बाटल्या तिच्या नाकाशी धरल्या. चौथ्या बाटलीनंतर डिंपलला काहीच कळेना. नाक बधिर झालं. ती कंटाळून म्हणाली, "राहू द्या. मले सगळे सारखेच लागून राह्यले."

"अवो, बाटलीवून काय समजते? मनगटाले लावा अन् बाजार करून या. तुमच्या अंगावर कसा बसते ते पाहा, मंग पैसे द्या. बाटली कुठं पळून राह्यली?" असं म्हणून त्यानं हाताला आली ती एक बाटली उघडली अन् तिच्या मनगटावर बोट टेकवलं.

डिंपलनं कांदे घेतले, वांगी घेतली, मिरच्यांसाठी घासाघीस केली. ऊन डोक्यावर आलं. जड पिशवी या हातातून त्या हातात घेताना मनगट नाकाशी आलं, अन् ती तिथंच, गर्दीच्या मधोमध थांबली. गार वाटलं. गोड नाही, उग्र नाही. मातीवर पाणी शिंपडल्यावर जे गार वाटतं ना, तेवढंच. घाम आला होता, पण वास घामाशी भांडत नव्हता. मागून एक जण ओरडला, "बाई, वाट सोडा ना!" तेव्हा कुठं ती हलली.

"हा कोणता होता?" तिनं परत येऊन विचारलं.

"वाळा. खस म्हंता का नाई, तोच. उन्हाळ्याचाच हाय तो."

तिनं सगळ्यात लहान बाटली घेतली. गुलाबराव पैसे मोजता मोजता म्हणाला, "न्हाल्याबरोबर लावजा, धुतल्या अंगाले. मंग दिवसभर टिकते." अन् इथंच घोटाळा झाला बघा. तिची अंघोळ असते पहाटे, अन् म्हैस असते त्यानंतर. पण ते गुलाबरावाला काय माहीत, अन् थकलेल्या बाईच्या तरी कुठं ध्यानात येतं!

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्या झाल्या डिंपलनं वाळा लावला. मानेला दोन्हीकडून अन् मनगटांना. त्या गार वासात भाकरी थापल्या. मग लुगडं गुंडाळलं अन् बादली घेऊन चंद्रीशी बसली.

चंद्रीनं मान वळवली. फुर्रर केलं. तिच्या वगारीला, म्हणजे पारडीला सोडलं, तिनं ढुसण्या देऊन देऊन तोंडाला फेस आणला, पण पान्हा नाही. डिंपलनं थानाला हात लावला तशी चंद्रीनं लाथ झाडली अन् बादली घरंगळत दारापर्यंत गेली. दुभत्या जनावराच्या लाथा गोड म्हणतात. म्हणोत बापडे. डिंपलचं मनगट सुजलं.

आवाजानं नारायणराव गुडघे धरत आले. "काय झालं वं सूनबाई?"

"पान्हावत नाही मामाजी."

ते जवळ आले अन् थबकले. नाक वर केलं. "काय लावलं तू अंगाले?"

"वाळ्याचं अत्तर."

"दे इकडं लुगडं."

डिंपलनं लुगडं सोडून दिलं. जिथं ते तिच्या मानेला घासलं होतं, तो पदर म्हाताऱ्यांनी दोन्ही हातांनी नाकाशी धरला. बराच वेळ तसाच धरला. हनुवटी थरथरायला लागली. मग लुगडं छातीशी घेऊन ते घरात गेले.

आपण काय करून बसलो हे डिंपलला तेव्हा कळलं. गेलेल्या बाईचा शेवटचा वास त्या लुगड्यात होता, म्हातारा रोज त्याच्याखाली येऊन बसत होता, अन् आपण त्यावर अत्तर फासलं! करायला गेली काय अन् झालं काय.

तोवर अविनाश उठून आला होता. रात्रभर शेतात पाणी भरून त्याचे डोळे लाल झालेले. "म्हशीपाशी कोणी सेंट लावून जाते काय? आता कास दगड होईन तिची. सोड ना ते दुकान. काय ठेवलं हाय तिथं?"

एरवी डिंपल गप्प बसली असती. पण मनगट दुखत होतं, अन् दिवाळीपासून साठलेलं सगळंच दुखत होतं. "तुमच्या आईच्या लुगड्याची खुंटी हाव काय मी?" ती म्हणाली. "घरी आल्यावर लुगडं टांगायचं, बाहेर पडताना उतरवायचं, बस? तिथं मले लोक नावानं हाका मारतात. तेच ठेवलं हाय तिथं."

डिंपल बस धरून निघून गेली.

दुकानात त्या दिवशी कोणी पदर नाकाला लावला नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी तर फ्रेम बसवून झाली तरी मान पुढंच ठेवली होती, पंख्याखाली बसल्यासारखी. शेखरभाऊ म्हणाले, "ताई, उद्यापासून मुलांच्या फ्रेमाही तुमच्याच काउंटरला ठेवतो." झालं की हवं ते! पण डिंपलला गोड लागेल तर शपथ. तिच्या डोळ्यांपुढं दिवसभर चंद्रीची ताठलेली कास होती, अन् ती थरथरणारी हनुवटी.

संध्याकाळी ती घरी पोचली तर गोठ्यातून हंबरणं गल्लीपर्यंत येत होतं. अविनाश दारात मांडी चोळत उभा. दुपारी त्यानं पुन्हा प्रयत्न करून पाहिला होता, हे विचारायची गरज नव्हती.

"बाबाले लुगडं माग," तो म्हणाला. "मी मांगलं त देऊन नाही राह्यले."

नारायणराव बाजेवर पडले होते. लुगडं उशाला.

"मामाजी, द्या ना. जनावर तडफडून राह्यलं."

"नाही देत."

"अवो बाबा, दूध जाईन ना!" अविनाश दारातून म्हणाला.

"जाऊ दे. लुगडं देत नाही मी."

दुधाच्या एका थेंबासाठी जीव टाकणारा हा माणूस! पण डिंपलच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. नाही तर नाही. ती कपडेसुद्धा न बदलता, दुकानातल्याच ड्रेसवर गोठ्यात गेली. लाथ बसली तर बसू दे, असं मनाशी म्हणाली अन् चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकवून डोळे मिटले. बसच्या घामात वाळा केव्हाच वाहून गेला होता. उरली होती ती नुसती डिंपल, दमलेली.

चंद्रीनं मान वळवली. तिची मान हुंगली, खांदा हुंगला, खरखरीत जिभेनं दंड चाटला. वगारीला सोडल्याबरोबर पान्हा असा आला की वगारीच्या तोंडातून दूध सांडायला लागलं. डिंपलनं सुजल्या मनगटानं बादली धरली अन् धारा वाजायला लागल्या.

"आयला! लुगड्याबिगर?" अविनाश मागून म्हणाला.

काखेत कळसा अन् गावाला वळसा, म्हणतात ते हेच. चंद्री कधीपासून तिलाच पान्हावत होती, अन् ती आपली मेलेल्या सासूचं लुगडं गुंडाळून बसत होती. डिंपलला रडू आलं. आनंद होता का? होता थोडासा, खोटं कशाला सांगा. पण त्याहून जास्त थकवा होता. म्हणजे आता ही म्हैस दुसऱ्या कोणाची नाही. दुखणं असो, माहेर असो, सकाळ-संध्याकाळ आपणच. बादली भरेपर्यंत ती म्हशीच्या पोटाला डोकं लावून रडली.

मग डोळे पुसून बाजेशी गेली. "मामाजी, लुगड्याबिगर देल्लं तिनं दूध."

"मले मालूम होतं," नारायणराव छताकडे बघत म्हणाले.

"काय मालूम होतं?"

"लुगड्याले तुह्या सासूचा वास संक्रांतीपासूनच नव्हता. मी रोज हुंगून पाहो. तुहाच वास ये. म्हशीले समजलं, मले नाही समजणार?"

डिंपल बाजेशी खाली बसली. "मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त तू धुतलं असतं."

संताप आला तिला. येणारच. संक्रांतीपासून चैत्रापर्यंत ते लुगडं, तो वास, तो नाकाला लावलेला पदर! "तुमच्या ह्या लुगड्यापायी माहं काउंटर जात होतं मामाजी. मले आत खोक्याईत बसवत होते."

"हाव. चुकलं माहं." म्हातारे कुशीवर वळले. पदर पुन्हा नाकाशी नेला. "पण आज सकाळी वास आला वं पोरी. उन्हाळा लागला का ती माठात वाळा टाके ना? जुडी धुवे, हातानं मोडे, अन् हात ह्याच पदराले पुसे. उन्हाळाभर तिच्या हाताले तोच वास." ते थांबले. "मले वाटलं, आली."

डिंपल उठली, हात धुतले अन् भाकरीचं पीठ मळायला बसली. राग गेला नव्हता. तो तसाच ठेवून तिनं भाकरी थापल्या.

दुसऱ्या दिवशी धार काढून ती गोठ्याबाहेर आली, तर न्हाणीच्या दाराशी पाण्यानं भरलेली बादली. नारायणराव शेजारी उभे, धाप लागलेली, धोतर भिजलेलं. आयुष्यात त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलून घेतला नव्हता.

"धारीनंतर न्हात जाय," ते खाली बघत म्हणाले. "मी भरत जाईन रोज."

डिंपल न्हाणीत गेली. गार पाण्यानं पुन्हा न्हाली, ड्रेस बदलला, मानेला अन् मनगटांना वाळा लावला. बाटली इतकी लहान की मुठीत दिसत नव्हती. चपला घातल्या. बसची वेळ होत आली होती.

फाटकापर्यंत जाऊन ती परत फिरली. बाजेवर म्हातारे लुगड्याचा पदर पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होते, अन् कालचा वास आता तिथं उरला नाही हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. डिंपलनं पर्समधून बाटली काढली, त्यांच्या हातातला पदर ओढून घेतला अन् त्यावर बाटली टेकवली.

"एकच थेंब," ती म्हणाली. "उन्हाळा काढायचा हाय मले एवढ्यात."

अन् बस सुटेल म्हणून ती पळत सुटली.